राजधानींतील मोकळी जागा

प्रवासास निघालेला मनुष्य एखाद्या राजधानीच्या शहरीं गेला म्हणजे तेथील विस्तीर्ण चौक पाहिल्यावांचून परत येत नाहीं, हें थोडें नवलाचेंच म्हटलें पाहिजे. राजवाड्यास नक्षीच्या भिंती असतात, देवळास शिखर असतें, संग्रहालयांत वस्तु मांडून ठेविलेल्या असतात; चौकांत पाहण्यासारखें काय असतें? नुसती जागा! तरीसुद्धां दिल्लीस गेलेली आपली मंडळी सायंकाळीं कर्तव्यपथाच्या हिरवळीवर घटकाभर बसून येतात. बीजिंग येथील तिआनआनमेन चौक तर इतका मोठा आहे कीं, एका टोकास उभ्या असलेल्या माणसास दुसऱ्या टोकाचें माणूस ओळखूं येत नाहीं. इराणांत शहा अब्बास यानें १५९८ मध्यें आपली राजधानी इस्फहानास नेली, आणि तेथें सुमारें ५६० मीटर लांब व १६० मीटर रुंद असा चौक आंखला. त्याच्या एका अंगास राजवाडा, दोन अंगांस मशिदी, चौथ्या अंगास बाजाराचें प्रवेशद्वार, आणि मध्यें मोकळें पटांगण. आज तेथें शहा नाहीं, त्याचा दरबार नाहीं. परंतु संध्याकाळीं शहरांतील कुटुंबें मुलांबाळांसह त्या पटांगणांत येऊन बसतात.

हीं झालीं दूरदेशचीं स्थळें. आपल्या कोंकणांतही एक राजधानी होती, आणि त्या राजधानीसही असाच एक मोकळा माळ होता. तो आजही आहे. रायगडावरील होळीचा माळ तो हा. गेल्या थंडींत आम्ही रत्नागिरीहून सहकुटुंब रायगडास गेलों होतों. त्या वेळीं जें पाहिलें आणि जें मनांत आलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावें असा विचार आहे.

रत्नागिरीकडून जाणारास एक लाभ असा कीं, इतिहासाचें पुस्तक त्यास शेवटाकडून आरंभाकडे वाचावयास मिळतें. हातखंब्यास महामार्ग धरला म्हणजे प्रथम संगमेश्वर लागतें. १६८९ च्या फेब्रुवारींत छत्रपति संभाजी महाराज मोंगलांच्या हातीं सांपडले ते येथें; आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रायगडही पडला. पुढें चिपळूण, खेड, पोलादपूर अशीं गांवें मागें टाकून महाडास पोहोंचावें. तेथून पायथ्याचें पाचाड वीस-पंचवीस किलोमीटर आहे. पाचाडास जिजाऊसाहेबांची समाधि आहे. गडावरील थंड वारा त्यांस मानवत नसे म्हणून महाराजांनीं त्यांच्यासाठीं खालीं वाडा बांधविला, असें सांगतात. ६ जून १६७४ रोजीं, म्हणजे शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, मुलास राज्याभिषेक झालेला त्या माउलीनें पाहिला, आणि पुढें पंधरवडा उलटण्यापूर्वीं, १७ जून रोजीं, तिनें पाचाडास देह ठेविला. आमच्या बरोबरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांनीं समाधीपाशीं हात जोडले, त्या वेळीं कोणी कांहीं बोललें नाहीं.

गड समुद्रसपाटीपासून सुमारें २,७०० फूट उंच आहे. पायीं चढावयाचें तर हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. परंतु १९९६ पासून तेथें रोपवे सुरू झाला असल्यामुळें चार-पांच मिनिटांत वर जातां येतें. ही सोय झाल्यापासून गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंस आणि कडेवरच्या मुलासही रायगड मोकळा झाला, हें कबूल केलें पाहिजे. गड पायींच चढावा, नाहींतर चढूंच नये, असें म्हणणारे शूर लोक आमच्याही घरांत आहेत. त्यांना आम्हीं महादरवाजाच्या वाटेनें धाडलें आणि वडीलधाऱ्यांस घेऊन आम्ही पाळण्यांत बसलों.

या दोन वाटांत एक भेद आहे, तो जाणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावा. पायीं येणाऱ्यास महादरवाजा, हत्ती तलाव, गंगासागर असा क्रम लागतो. पाळण्यांतून येणारा मात्र मेणा दरवाजाच्या बाजूनें एकदम राणीवशाच्या अवशेषांत शिरतो. तेथून राजवाड्याचे चौथरे ओलांडून तो राजसभेंत येतो. ही राजसभा २२० फूट लांब व १२४ फूट रुंद आहे. सिंहासनाची जागा पूर्वाभिमुख असून तिच्यासमोर, सभेच्या दुसऱ्या टोकास, नगारखान्याचा प्रचंड दरवाजा उभा आहे. सिंहासनापाशीं हलक्या आवाजांत काढलेला शब्द या दरवाजापाशीं स्पष्ट ऐकूं येतो, आणि मुलांना हा प्रयोग करून पाहिल्यावांचून राहवत नाहीं. राज्याभिषेकाच्या वेळीं मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन येथें हजर होता. दरवाजापाशीं उभे असलेले हत्ती पाहून, एवढ्या बिकट वाटेनें हीं जनावरें वर आणलीं तरी कशीं, याचा त्याला उलगडा झाला नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

नगारखान्यांतून बाहेर पडून डावीकडे उतरलें कीं समोर होळीचा माळ पसरलेला दिसतो. इतका वेळ भिंती, चौथरे, कोनाडे, दरवाजे पाहून डोळा आंखडलेला असतो. तो येथें एकाएकीं सैल होतो. माळावर महाराजांचा बैठा पुतळा आहे, तो अलीकडच्या काळांत बसविलेला आहे. एका बाजूस शिरकाई देवीचें लहानसें देऊळ आहे. समोर बाजारपेठेच्या दोन लांब रांगा आहेत. बाकी सारें गवत, वारा आणि आकाश.

आमच्या बरोबरचा बारा वर्षांचा पुतण्या चोहोंकडे पाहून म्हणाला, "काका, येथें पाहावयाचें तें काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही कांहीं ऐतिहासिक माहिती सांगण्याच्या बेतांत होतों, इतक्यांत आमच्या आत्याबाई पुढें झाल्या. त्यांनीं सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांचें सासर संगमेश्वराकडील एका खेड्यांत आहे. त्या म्हणाल्या, "अरे, काय पाहावयाचें म्हणून काय विचारतोस? हा मांड आहे. शिमग्यांत आपली पालखी येऊन टेकते ना, तीच ही जागा. एवढीच कीं, ही राजाची म्हणून मोठी."

विद्वानांच्या ग्रंथांत आम्हीं या माळाचीं बरींच वर्णनें वाचलीं होतीं. परंतु इतक्या थोड्या शब्दांत त्याचें मर्म कोणी सांगितलेलें आम्हांस आठवत नाहीं. कोंकणांतील कोणतेंही गांव घ्या. घरें आगरांत विखुरलेलीं, वाटा गडग्यांमधून जाणाऱ्या, सपाट जमीन हातभर. जी थोडी सपाटी मिळेल तिच्यांत भात लावावयाचें. अशा ठिकाणींसुद्धां गांवानें एक तुकडा कधीं नांगराखालीं घातला नाहीं. कोठें त्यास मांड म्हणतात, कोठें सहाण, कोठें होळीचा माळ. फाल्गुनांत रानांतून होळीचें झाड वाजतगाजत येतें तें येथें. पालखी नाचते ती येथें. मुंबईचा चाकरमानी रजा काढून येतो आणि प्रथम पायांतल्या वहाणा काढतो तो येथें. वर्षाचे उरलेले दिवस त्या जागेवर मुलें खेळतात आणि गुरें विसांवतात. ती कोणाच्या सातबाऱ्यावर आहे, हें गांवांतल्या पुष्कळांस ठाऊकही नसतें.

आतां रायगडाचा विचार करा. डोंगराचा माथा तो केवढा! सपाटी कितीशी! तीवर राजवाडा, सभा, अठरा कारखाने, धान्याचीं कोठारें, तलाव, देवळें, शिबंदीचीं घरें, सारें बसवावयाचें. बांधकाम पाहणारा हिरोजी याचें नांव जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीपाशीं एका लहानशा दगडावर कोरलेलें आहे. दर्शनास येणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ त्यावर पडते. या माणसास जागेची चणचण जाणवली नसेल असें कोण म्हणेल? तरीही नगारखान्याच्या अगदीं तोंडाशीं, जी जागा दुसऱ्या एखाद्या राजानें आपल्या वाड्याच्या विस्तारास घेतली असती, ती मोकळी ठेविली गेली. आणि तिला नांव मिळालें तें राजाचें नव्हे, विजयाचें नव्हे, तर होळीचें. पेटत्या होळींत टाकलेला नारळ जो हातानें काढील त्यास सोन्याचें कडें मिळे, अशी कथा तेथें सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : राजा आणि रयत एकाच होळीभोंवतीं उभीं आहेत.

या ठिकाणीं कथांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें. बाजारपेठेच्या दोन रांगांत प्रत्येकी वीसांहून अधिक गाळे असून मधला रस्ता सुमारें ४० फूट रुंद आहे. गाळ्यांचीं जोतीं उंच आहेत. घोड्यावरून न उतरतां माल घेतां यावा म्हणून तीं उंच केलीं, असें वाटाडे सांगतात, आणि मुलें तें आनंदानें ऐकतात. कांहीं अभ्यासकांस हें मान्य नाहीं. त्यांच्या मतें ही दुकानें नसून राहण्याच्या वा कारभाराच्या जागांच्या ओळी असाव्यात. आमच्या मतें निकाल लागेपर्यंत मुलांस दोन्हीं बाजू सांगाव्या आणि एक प्रश्नही विचारावा : आपल्या कोंकणांतल्या घराचें जोतें उंच कां असतें? आषाढांतला पाऊस ज्यानें पाहिला आहे तो त्याचें उत्तर देईल. कथेस कथा म्हणून सांगितल्यानें तिची गोडी कमी होत नाहीं आणि इतिहासासही बाध येत नाहीं. हिरकणीची गोष्ट कड्यावर उभें राहून ऐकतांना आमच्या घरच्या सुनांचे डोळे पाणावले, ते कोणी पुरावा दाखविला म्हणून नव्हे.

परंतु मोकळी जागा ही आपोआप मोकळी राहत नाहीं, ती कोणीतरी मोकळी ठेवावी लागते. या माळाचाच पुढील इतिहास त्यास साक्ष आहे. १६८९ नंतर गड मोंगलांकडे व त्यांच्याकडून सिद्दीकडे गेला. १७३३ मध्यें तो पुन्हां मराठ्यांच्या हातीं आला. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आग भडकली आणि वाडे जळाले. १० मे रोजीं गड पडला. त्यानंतर कित्येक वर्षें माळ तसाच होता, लांबीरुंदीनें तसूभरही कमी झाला नव्हता. परंतु त्यास मोकळा म्हणतां येत नव्हतें, तो रिकामा होता. गवत वाढलें आणि समाधीवरही झुडपें माजलीं. १८६९ मध्यें जोतीराव फुले यांनीं शिवरायांवर पोवाडा रचिला. १८८३ मध्यें जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानें समाधीच्या दुर्दशेविषयीं लिहून आमच्या लोकांस लाज वाटेल असे उद्गार काढले. मग १८९५ मध्यें लोकमान्य टिळकांनीं समाधीच्या जीर्णोद्धारासाठीं निधि जमविण्यास आरंभ केला, आणि १८९६ मध्यें गडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. ज्यांचा जन्म १८५६ मध्यें आमच्या रत्नागिरीच्या टिळक आळींत झाला, त्यांच्या खटपटीनें त्या रिकाम्या माथ्यावर पुन्हां माणसांचीं पाउलें उमटलीं. आज राज्याभिषेकाच्या दिवशीं तेथें इतकी गर्दी लोटते कीं, पाय ठेवावयास जागा सांपडत नाहीं.

जागा मोकळी असणें आणि ती सर्वांस मोकळी असणें, यांतही अंतर आहे. परतीच्या वाटेवर महाड लागतें, तेथें तें अंतर डोळ्यांस दिसतें. चवदार तळें हें सार्वजनिक. १९२३ मध्यें सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें मुंबई कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावे असें ठरविलें होतें. महाडच्या नगरपालिकेनेंही १९२४ मध्यें तसा ठराव केला होता. कागद असा मोकळा असूनही पाणी मोकळें नव्हतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह तेथें जाऊन पाण्याची ओंजळ घेतली. त्यांचें मूळ गांव आंबडवे हें आपल्याच जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांत आहे. यानंतर गांवांतील उच्चवर्णीयांनीं तें तळें 'शुद्ध' करून घेतलें. पुढें प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १९३७ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयानें तळें सर्वांस खुलें असल्याचा निकाल दिला. शुद्धि करणारे ते लोक परग्रहावरून आलेले नव्हते. आमच्यासारख्याच सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतले, आमच्या आजे-पणज्यांच्या पंक्तीस बसणारे असे ते होते. मुलांना रायगड दाखवावा आणि महाडास मात्र गाडी न थांबवितां निघून जावें, हें आम्हांस बरें वाटलें नाहीं. तळ्याच्या कांठीं बसून आम्हीं त्यांना ही हकीकत जशी घडली तशी सांगितली. रत्नागिरींत १९३१ मध्यें भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्यानें व सावरकरांच्या प्रेरणेनें पतितपावन मंदिर उभें राहिलें, तें सर्व हिंदूंस खुलें असावें या हेतूनेंच. तें मंदिर मुलांच्या रोजच्या वाटेवरचें. परंतु तें कां बांधावें लागलें, हें त्यांना महाडास गेल्यावर समजलें.

आत्याबाईंनींही त्या वेळीं आपण होऊन सांगितलें कीं, त्यांच्या लहानपणीं गांवची पालखी सर्व वाड्यांवर जात नसे. आतां जाते. त्यासाठीं गांवांत दोन-तीन वर्षें बोलणीं चाललीं होतीं, थोडी भांडणेंही झालीं. पण शेवटीं पालखी गेली. "आणि गेली म्हणून काय देव कोपला?" असें त्यांनीं आपल्या सुनेस विचारलें, तेव्हां सारी मंडळी हंसली.

आतां ज्यांना जावयाचें आहे त्यांच्यासाठीं चार व्यावहारिक सूचना. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यांत गड नयनमनोहर दिसतो हें खरें, परंतु पायऱ्या निसरड्या होतात आणि वारा फार असला म्हणजे पाळणा बंद ठेवितात. राज्याभिषेकाचा सोहळा तिथीनें व तारखेनें असा दोन वेळां होतो. वृद्ध व लहान मुलें बरोबर असतील तर ते दिवस टाळावे. सकाळीं लवकर वर पोहोंचावें. पाणी, टोपी आणि घरचा थोडा फराळ बरोबर असावा. दशम्या-चटणी दिवसभर टिकते. वाड्याचे अवशेष पाहून झाल्यावर ज्यांस चालवत नाहीं त्यांस माळावर सावलीच्या आश्रयानें बसवावें आणि इतरांनीं जगदीश्वराचें देऊळ व महाराजांची समाधि पाहून यावें. वाटाड्या घ्यावा, त्याच्या चार शब्दांनीं दगड बोलूं लागतात आणि त्याच्या घरचा संसारही चालतो. कागद, बाटल्या, सालें जशीं वर नेलीं तशीं खालीं आणावीं. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत रायगड आहे आणि आपल्या हर्णैजवळचा सुवर्णदुर्गही आहे. मान मिळाला म्हणजे पाहुणे वाढतात, आणि पाहुणे वाढले म्हणजे घरच्यांनीं अंगण अधिक वेळां झाडावें लागतें.

अंगण हा शब्द सहज लेखणींतून उतरला. परंतु गडावर होतों तेव्हांपासून तोच मनांत घोळत आहे. एकत्र कुटुंबांत प्रत्येकाची खोली असते, प्रत्येकाची पेटी असते, आतां तर प्रत्येकाचा वेगळा फोनही असतो. अंगण मात्र कोणा एकाचें नसतें. तेथें एकीचे पापड वाळतात, दुसरीचीं मुलें खेळतात, तिसरीचे आजारी सासरे उन्हास बसतात, आणि तुळशीपुढें दिवा मात्र एकच लागतो. घरांत वांटणीची गोष्ट निघाली म्हणजे खोल्यांविषयीं फारसा वाद होत नाहीं; ज्याची त्याला ठाऊकच असते. वाद होतो तो अंगणाविषयीं, कारण तें कोणाचेंच नसतें म्हणून प्रत्येकास आपलें वाटतें. मग मोजणी होते, मध्यें चिऱ्यांची भिंत उठते, आणि दोन्हीं बाजूंस उरते ती इतकी अरुंद पट्टी कीं, तीवर ना पापड वाळत, ना मूल धांवूं शकत. असें झालेलीं घरें आमच्या आळींत आहेत. तुमच्याही असतील.

वांटण्या होऊं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. मुलें शिकून मुंबई-पुण्यास जातात, परदेशीं जातात. चुली वेगळ्या होणें कित्येकदां सर्वांच्याच हिताचें असतें, आणि वेळेवर वेगळें झाल्यानें प्रेमही टिकतें. आमचें मागणें एवढेंच आहे. खोल्या वांटा, आगर वांटा, कलमांचे आंबे मोजून वांटा. अंगण वांटूं नका. वांटणीपत्रांत तेवढी एक ओळ घालावी कीं, ही जागा सामाईक राहील आणि तीवर कोणी भिंत घालणार नाहीं. पुढच्या पिढींतलीं चुलतभावंडें गणपतीस वा शिमग्यास घरीं येतील तेव्हां त्यांना एकमेकांच्या दारांत पाहुण्यासारखें उभें राहावें लागूं नये. गांवच्या मांडाविषयींही हेंच. घरें कुलूपबंद होऊं लागलीं म्हणजे मांड रिकामा पडतो, आणि रिकामी जागा दिसली म्हणजे तीवर कोणाची तरी दृष्टि जाते. ज्यांचें गांवीं अजून घर आहे त्यांनीं वर्षांतून एकदां तरी मुलांना घेऊन त्या मांडावर जाऊन उभें राहावें.

होळीच्या माळावर पाहावयाचें काय, असें तुमच्या घरचें मूल विचारील, तेव्हां त्यास म्हणावें : बाळ, तीनशें पन्नास वर्षांपूर्वीं एका राजाच्या दाराशीं ही जागा सर्वांसाठीं म्हणून सोडलेली होती, आणि तिजवर अजून कोणी घर बांधलेलें नाहीं. तें पाहा.